माशाचा श्वास ओळखून तळ्याचा सल्ला

भिलाई पोलाद कारखान्याचा करार १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या उभारणीच्या काळात मजुरांसाठी ज्या वसाहती वसल्या, त्यांपैकी कॅम्प-१ ही एक होय. ओडिशा, आंध्र, बंगाल, केरळ आणि विदर्भ येथून आलेल्या कुटुंबांनी भिलाई वसवली आणि त्यांच्याबरोबर मासे खाण्याच्या त्यांच्या आवडीनिवडीही आल्या. अशा वस्तीच्या मासळीबाजारात विक्रीच्या दोन रीती शेजारीशेजारी नांदतात. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे बर्फावर किंवा फळीवर मांडलेले असतात. मागूर, शिंगी आणि मरळ मात्र पसरट घमेल्यात, जेमतेम पाठ बुडेल एवढ्या पाण्यात, जिवंत ठेवलेले असतात. छत्तीसगढीत मागूरला मोंगरी म्हणतात, तर मरळीच्या कुळातील लहान माशाला खोकसी. जिवंत माशाला ग्राहक आनंदाने अधिक भाव देतो.

हा फरक केवळ विक्रेत्याच्या सोयीचा नाही. घमेल्यातील ओंजळभर पाण्यात रोहू फार वेळ तग धरू शकत नाही, मागूर धरू शकतो, कारण दोघांचे श्वसन वेगळ्या पद्धतीने चालते. बाजारातील ग्राहक या फरकाचे मोल जाणतो. मत्स्यशेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात मात्र तो क्वचितच दिसतो. तळे कोणतेही असो, बारमाही वा हंगामी, खोल वा उथळ, सल्ला बहुधा एकच असतो: कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली ठरावीक प्रमाणात सोडा. सल्ल्याचा हा क्रम बदलण्याची वेळ आली आहे. कोणता मासा सोडावा हे ठरविण्यापूर्वी, त्या तळ्यात माशाला श्वास कसा घ्यावा लागेल, हे पाहिले गेले पाहिजे.

पोटाचा विचार झाला, श्वासाचा राहिला

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे नदीतले मासे. पुराच्या वाहत्या पाण्याची चाहूल लागल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत आणि तळ्यात तर सहसा घालतच नाहीत. अंगुलच्या प्रयोगामुळे त्यांच्या बीजासाठी नदीवर विसंबून राहण्याची गरज संपली. त्यानंतर १९७१ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला. देशाच्या गोड्या पाण्यातील मत्स्योत्पादनाचा पाया त्यातूनच घातला गेला. या यशाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

मिश्र मत्स्यसंवर्धनाची मांडणी माशांच्या पोटावर झालेली आहे. कटला पृष्ठभागावरचे प्लवंग खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी कुजणारे सेंद्रिय पदार्थ वेचतो. एकाच तळ्यातील तीन थरांचे अन्न तीन माशांनी वाटून घ्यावे, ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे. परंतु या तिघांचा श्वास एकच आहे. तिघेही कल्ल्यांवाटे, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. त्यामुळे तळ्याचे अन्न तिघांत वाटले जाते, पण प्राणवायू संपला की तिघेही एकाच वेळी संकटात सापडतात.

त्याच १९७१ साली परिषदेने आणखी एक समन्वित प्रकल्प सुरू केला होता. त्याचा विषय होता हवेतून श्वास घेणाऱ्या माशांचे संवर्धन. कार्पना प्रतिकूल असलेल्या दलदली, उथळ आणि वनस्पतींनी भरलेल्या पाण्यांचा उपयोग व्हावा, हा त्यामागचा विचार. दोन्ही प्रकल्प समवयस्क असूनही पहिला गावोगावी पोचला, तर दुसरा विस्ताराच्या भाषेत फारसा रुळला नाही. या मागे राहिलेल्या विचाराची आठवण आज विशेष करून द्यावी लागते.

पाण्यातील प्राणवायूचे गणित

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात मात्र पूर्ण संपृक्त अवस्थेतही तो सहा मिलिलिटरहून कमीच भरतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. एवढे जड माध्यम सतत कल्ल्यांवरून वाहते ठेवण्यासाठीच माशाची बरीच शक्ती खर्च होते. या टंचाईवर निसर्गाने शोधलेला उपाय मोठा कुशल आहे. कल्ल्यांच्या पातळ पटलांतून रक्त ज्या दिशेने वाहते, त्याच्या विरुद्ध दिशेने पाणी वाहते. त्यामुळे रक्ताला प्रत्येक टप्प्यावर स्वतःहून अधिक प्राणवायू असलेले पाणी भेटत जाते आणि पाण्यातील प्राणवायूचा मोठा हिस्सा शोषला जातो.

ही रचना कितीही कार्यक्षम असली तरी पाण्यातच प्राणवायू नसेल तर तिचा उपयोग होत नाही. उन्हाळ्यात संकट दोन बाजूंनी येते. २० अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्राम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांवर सुमारे ७ मिलिग्राम. म्हणजे तापमान वाढताना पुरवठा घटतो. उलट मासा थंड रक्ताचा असल्याने तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या शरीरातील क्रियांचा वेग, आणि म्हणून प्राणवायूची गरज, साधारण दुप्पट होते. वैशाख-ज्येष्ठात दुर्ग-भिलाई, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातील उथळ तळी तापतात तेव्हा माशाची मागणी आणि पाण्याची क्षमता यांतील अंतर सर्वाधिक असते.

त्यातही दिवसभरात प्राणवायू सारखा राहत नाही. दिवसा शेवाळ आणि वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू सोडतात. रात्री त्याच वनस्पती, तळाचा गाळ, जीवाणू आणि मासे तो वापरतात. म्हणून पाणी जितके हिरवेगार, तितका दुपारचा प्राणवायू भरपूर आणि पहाटेचा तुटपुंजा. कार्प माशांना प्रतिलिटर पाच मिलिग्रामच्या वर प्राणवायू असावा असे मानतात. तो तीनच्या खाली गेला की ताण सुरू होतो, भूक मंदावते, रोगप्रतिकार घटतो. एकाच्या आसपास आला की मरतूक अटळ होते. सकाळी दहा वाजता तळ्यावर जाऊन पाणी तपासणाऱ्यास ही तूट दिसत नाही. ती दिसते ती सूर्योदयापूर्वी.

गोड्या पाण्यातील माशावर आणखीही एक भार असतो. त्याचे रक्त सभोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. परिणामी कल्ल्यांतून पाणी सतत शरीरात शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ल्यांतील विशेष पेशी पाण्यातून क्षार परत ओढून घेतात. हे काम अखंड चालते आणि त्याला ऊर्जा लागते. अमोनियाचे उत्सर्जनही मुख्यतः कल्ल्यांतूनच होते. दुपारी हिरव्या पाण्याचा सामू वाढला की अमोनियाचे विषारी रूप वाढते आणि ते बाहेर टाकणे माशाला जड जाते. श्वास, क्षारसंतुलन आणि उत्सर्जन ही तिन्ही कामे एकाच नाजूक अवयवावर आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे कल्ल्यांवर ताण आलेला मासा खाद्य देऊनही का वाढत नाही, याचा उलगडा होतो.

हवेतून श्वास घेणाऱ्यांची तऱ्हा

दलदलीत आणि आटणाऱ्या डबक्यांत उत्क्रांत झालेल्या माशांनी या अडचणीवर निराळा मार्ग काढला. मागूरच्या दुसऱ्या आणि चौथ्या कल्लाकमानीवर झाडाच्या फांद्यांसारखे अवयव वाढतात आणि कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा साठवून तिच्यातील प्राणवायू घेतात. शिंगीच्या शरीरात कल्लाकोशापासून मागे, पाठीच्या कण्याच्या बाजूने, दोन लांब हवानलिका गेलेल्या असतात. केवईच्या पहिल्या कल्लाकमानीवर गुंतागुंतीच्या घड्यांचा चक्रव्यूहासारखा अवयव असतो. मरळीच्या डोक्यात तुलनेने साध्या पोकळ्या असतात, पण प्रौढ मरळ त्यांच्यावर इतकी अवलंबून असते की तिला पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरते. बिहारमधील भागलपूर विद्यापीठातील डॉ. जे. एस. दत्ता मुन्शी यांनी या अवयवांचा आयुष्यभर अभ्यास केला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. एम. ह्यूज यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील हवाश्वसनी माशांवरील ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या माशांचे अनुकूलन श्वासापुरते मर्यादित नाही. शिलाँगच्या नॉर्थ-ईस्टर्न हिल विद्यापीठातील निर्मलेंदू साहा आणि बी. के. राठा यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की शिंगीसारख्या माशांत अमोनियाचे कमी विषारी युरियात रूपांतर करणारी यंत्रणा कार्यरत असते. बहुतेक अस्थिमत्स्यांत ती प्रौढावस्थेत जवळपास निष्क्रिय असते. पाणी आटून अमोनिया साचू लागला तरी हे मासे तग धरतात, त्याचे हे एक कारण आहे. पाणी संपले तर ते ओलसर चिखलात दडून राहतात, आणि पावसाळी रात्री मागूर ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या बांधीत जातो.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक खूण मनात ठेवावी. पहाटे रोहू-कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले तर ती धोक्याची सूचना असते. वरच्या पातळ थरातील उरलासुरला प्राणवायू मिळविण्याची ती धडपड आहे. त्या तळ्यात ताबडतोब पाणी खेळते केले पाहिजे आणि खाद्य व शेण थांबविले पाहिजे. मागूर किंवा मरळ वर येऊन घोट घेते आणि पुन्हा खाली जाते, तेव्हा ती केवळ श्वास घेत असते. दिसायला सारखी वाटणारी कृती, पण अर्थ दोन. हा भेद शेतकऱ्याला समजावून देता येणे, हे विस्तारकार्याचे साधे पण महत्त्वाचे कर्तव्य आहे.

गोंदियापासून भिलाईपर्यंत एकच तलावसंस्कृती

गोंदियाहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असा भिलाईला पोचतो. राज्याची सीमा मध्ये येते, पण भातशेती आणि तलाव यांची सोबत तुटत नाही. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत, तर छत्तीसगडमध्ये तरिया आणि डबरी. ज्या गावात तलाव मुबलक, त्याचे वर्णन छत्तीसगढीत ‘छै आगर छै कोरी’ असे करतात. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. या तलावांपैकी कित्येक उन्हाळ्यात गुडघाभर उरतात किंवा पार आटतात. मागूर, शिंगी, केवई आणि मरळ हे अशाच पाण्याचे रहिवासी. पावसाळ्यात भातखाचरांत पसरून वीण करणे आणि पाणी ओसरताना खोल डबक्यात परतणे, हे त्यांचे वार्षिक चक्र होते.

हे चक्र आता खंडित होत आहे. भातपिकावरील कीटकनाशके, बुजलेले नाले, बेशरम आणि जलपर्णीने व्यापलेले काठ, आणि संचयनापूर्वी ‘नको असलेले मासे’ म्हणून केलेला सरसकट नाश, या साऱ्यांचा परिणाम देशी माशांवर झाला आहे. भारतीय मागूर आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त जाती म्हणून नोंदलेला आहे. या परिस्थितीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या साथीने हाती घेतलेले काम लक्ष देण्याजोगे आहे. तलावातील बेशरम काढणे, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि त्यांच्या आश्रयाने देशी मासे परत आणणे, असा त्याचा क्रम आहे. माशाआधी त्याचा अधिवास उभा करावा, हा विचार पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जगणाऱ्या मासेमारांच्या ज्ञानाशी जुळणारा आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या भूमिकेवर रास्त आक्षेप आहेत. पहिला आक्षेप बीजाचा. कार्पचे मत्स्यजिरे मुबलक आणि स्वस्त मिळतात, मागूरचे दुर्मिळ असतात. मागूरच्या प्रेरित प्रजननात मादीला दाबून अंडी काढता येतात, परंतु नराचे वीर्य तसे निघत नाही. त्याचे वृषण काढून घ्यावे लागतात आणि त्यात नर दगावतो. शिवाय पिल्ले जन्मतः हवा घेत नाहीत. साधारण दहा-बारा दिवस ती कल्ल्यांवरच जगतात आणि त्या काळात त्यांना प्राणवायूयुक्त पाणी लागते. प्रौढ मागूर काटक आहे म्हणून पिल्लेही काटक असतील, असे समजून अनेक ठिकाणी नुकसान ओढवते. दुसरा आक्षेप खर्चाचा. हे मासे प्रथिनयुक्त खाद्य मागतात आणि आकारात फरक पडला की मोठी पिल्ले लहानांना खातात, म्हणून वारंवार प्रतवारी करावी लागते. शिंगीच्या काट्याचा दंश विषारी व वेदनादायक असतो.

या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या संशोधन आणि गुंतवणुकीने सुटणाऱ्या आहेत. कार्पचे बीजही १९५७ पूर्वी दुर्मिळच होते. भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील जलजीवपालन संस्था, नागपूर आणि कवर्धा येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये यांनी देशी हवाश्वसनी माशांच्या बीजोत्पादनाचा प्रश्न या पट्ट्याचा प्रश्न म्हणून हाती घेतला, तर अंगुलने जे कार्पसाठी केले ते येथेही घडू शकते.

बीजाच्या टंचाईतूनच एक घातक पळवाट निघते, ती म्हणजे आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. तो झपाट्याने वाढतो, काहीही खातो आणि स्थानिक मासे फस्त करतो. देशी मागूरशी त्याचा संकर झाल्यास मूळ जातीचे वाणच भ्रष्ट होते. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित अधिकरणानेही त्याविरुद्ध कठोर कारवाईचे निर्देश दिलेले आहेत. तरीही तो छुप्या मार्गाने पोचतो. शेतकऱ्यांनी मागूरचे बीज केवळ शासकीय किंवा मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे. असामान्य वेगाने वाढणारा मागूर स्वस्तात मिळत असेल तर सावध व्हावे.

तग धरणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे

औद्योगिक शहराच्या परिसरात एक प्रश्न विशेष गंभीर होतो. भिलाईसारख्या नगरात वस्तीलगतच्या तलावांत सांडपाणी मिसळण्याचा धोका नेहमीच असतो. अशा पाण्यात कार्प मरतात, पण मागूर आणि मरळ जगतात. म्हणून ‘घाण पाण्यातही पैसा’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. हवेतून श्वास घेतल्याने मासा प्राणवायूच्या टंचाईतून सुटतो, पाण्यातील विषापासून सुटत नाही. शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू खाद्यातून आणि कल्ल्यांतून शरीरात शिरतात व ऊतींत साचतात. मेलेला मासा निदान इशारा देतो. जिवंत दूषित मासा थेट ताटापर्यंत पोचतो. त्यामुळे कारखान्यांच्या वा नगराच्या सांडपाण्याचा संशय असलेल्या तलावात, पाणी, गाळ व मासे यांची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही माशाच्या संवर्धनाची शिफारस करू नये. हवाश्वसनी मासे ज्या तळ्यांसाठी सुचवायचे, ती उथळ आणि हंगामी असावीत, विषारी नसावीत.

सल्ल्याचा क्रम

छत्तीसगडने २०२१ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दर्जा शेतीचा असेल तर पद्धतही शेतीची असावी. कन्हार जमिनीचे पीक भाठा जमिनीवर घ्या, असे कोणताही कृषी सहायक सांगणार नाही. तो आधी जमीन पाहतो आणि मग पीक सुचवितो. मत्स्यसल्ल्यातही हाच क्रम यावा.

त्यासाठी प्रत्येक तळ्याची चार गोष्टींची नोंद पुरेशी आहे: पाणी किती महिने टिकते, मे महिन्यात खोली किती उरते, सूर्योदयापूर्वी प्राणवायू किती असतो आणि दुपारी सामू किती चढतो. तपासणी संच महाग नाही आणि वापरणे अवघड नाही. बारमाही, दीड-दोन मीटर खोल आणि पहाटेही पुरेसा प्राणवायू असलेल्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे मिश्र संवर्धन निःसंशय योग्य आहे. उन्हाळ्यात मीटरभर किंवा त्याहून कमी पाणी उरणाऱ्या, पण स्वच्छ असलेल्या बोडी-डबरीत मागूर, शिंगी किंवा मरळ यांचा विचार करावा. या माशांना खोल पाणी उलट गैरसोयीचे असते, कारण प्रत्येक श्वासासाठी वर येण्यात ऊर्जा खर्च होते आणि वाढ खुंटते. पावसाळ्यात बांधावर बारीक जाळीचे कुंपण हवे, अन्यथा मागूर निघून जातो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकू देऊ नये, कारण हवा घेणाऱ्या माशालाही वर येण्यास मोकळी जागा लागते. आणि केवळ चार-पाच महिने पाणी धरणाऱ्या भातखाचरालगतच्या खड्ड्यात बाहेरून काही सोडण्यापेक्षा, देशी माशांची वीण होऊ देणे आणि त्या काळात कीटकनाशके टाळणे, हेच अधिक हिताचे ठरते.

या बदलाला नव्या यंत्रसामग्रीची फारशी गरज नाही. गरज आहे ती वार्षिक आराखड्यातील एका रकान्याची. आज त्यात किती बोटुकली वाटली याची नोंद होते. त्यापूर्वी ती कोणत्या पाण्यात सोडली आणि त्या पाण्यात पहाटे प्राणवायू किती होता, याचीही नोंद झाली पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील निदान पाच तळ्यांची अशी पत्रिका तयार केली आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या तळ्यापासून सुरुवात केली, तरी बीजवाटपाची पुढची यादी आजच्यापेक्षा वेगळी आणि अधिक फलदायी होईल.